पडलेल्या उमेदवाराची जीभ घसरली तर अख्ख्या पक्षाला धरायचं का?

बोरूबहाद्दर:
मला खरंच एक कळत नाही. माणूस निवडणुकीत पडलेला असतो, पक्षात त्याला फारसं कुणी विचारत नसतं, समोर माइक दिसला की तो काहीतरी बरळतो आणि लगेच सगळीकडे सुरू, बघा यांची संस्कृती, बघा यांचा खरा चेहरा. काँग्रेसचे मणिशंकर अय्यर घ्या. २०१४ च्या लोकसभेला तमिळनाडूतल्या मयिलादुतुरैमधून पडलेले. ७ डिसेंबर २०१७ ला, म्हणजे गुजरातच्या पहिल्या टप्प्याचं मतदान दोन दिवसांवर असताना, मोदींना 'नीच किस्म का आदमी' म्हणाले. राहुल गांधींनी माफी मागायला सांगितलं आणि त्याच दिवशी निलंबन झालं. आता याहून पक्षाने काय करायचं? तरी उरलेला प्रचार त्या एका शब्दाभोवती फिरला. एवढ्या मोठ्या पक्षाची लायकी एका माणसाच्या तोंडावरून ठरवणं म्हणजे शुद्ध आळस आहे, मग पक्ष कुठलाही असो.

तिरकस:
अहो, अर्धीच गोष्ट सांगताय. जानेवारी २०१४ मध्ये, दिल्लीत काँग्रेसचं अधिवेशन चालू असताना हेच अय्यर म्हणाले होते की मोदी काही पंतप्रधान होत नाहीत, पण चहा वाटायचा असेल तर इथे त्यांच्यासाठी जागा बघू. भाजपने त्यावर 'चाय पे चर्चा' काढून पुरेपूर वसूल केलं, ते ठीक, पण काँग्रेसने काय केलं? त्याच वर्षी लोकसभेचं तिकीट दिलं! तुम्ही 'पडलेला उमेदवार' म्हणताय, पण तो उमेदवार झाला कसा? त्याच्या एबी फॉर्मवर, म्हणजे पक्षाच्या उमेदवारीच्या कागदावर, सही काय शेजाऱ्याने केली होती? आणि २०१७ चं ते निलंबन ऑगस्ट २०१८ मध्ये मागे घेतलं, हेही लिहा की.

खिडकीजवळची:
दोघंही एकाच पोत्यात सगळं भरताय असं वाटतं. जीभ घसरणं वेगळं आणि पोटातलं ओठावर येणं वेगळं. अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाची सारा पेलिन २००८ ला उपाध्यक्षपदाची निवडणूक हरली, दोन वर्षांनी एका रेडिओ कार्यक्रमात म्हणाली की आपण आपल्या उत्तर कोरियन मित्रांच्या बाजूने उभं राहायला हवं, तिला म्हणायचं होतं दक्षिण, समोरच्याने लगेच दुरुस्तही केलं. त्यावरून रिपब्लिकनांना भूगोल येत नाही म्हणून किती हसले लोक! आणि ओबामा २००८ च्या प्रचारात म्हणाले होते की मी सत्तावन्न राज्यं फिरलो. पन्नास राज्यांच्या देशात. थकलेला माणूस बोलतो असं. याच्यावरून पक्षाचं काहीही सिद्ध होत नाही, कुणाच्याच.

पण टॉड एकिन बघा. २०१२, मिसूरी राज्य, रिपब्लिकनांचा सिनेटचा उमेदवार. टीव्हीवर शांतपणे सांगतो की 'खऱ्या' बलात्कारात बाईचं शरीर गर्भ राहू न देण्याची सोय करतं. ही जीभ घसरलेली नाहीये, तो माणूस तसंच मानतो आणि तसं मानणारे त्याच्या मागे आहेत. इथे पक्षाला विचारायलाच पाहिजे.

बोरूबहाद्दर:
एकिनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार रॉम्नी, त्याने त्याला बाजूला हो म्हणून सांगितलं, पक्षाच्या वरच्या लोकांनी सांगितलं, हा हललाच नाही. आणि मजा बघा, नोव्हेंबरमध्ये एकिन पडला पण त्याच दिवशी त्याच मिसूरीत रॉम्नी जिंकला! इंडियानात तेच. तिथला रिपब्लिकन उमेदवार मरडॉक म्हणाला होता की बलात्कारातून गर्भ राहिला तरी ती देवाचीच इच्छा, तो पडला, रॉम्नी तिथेही जिंकला. म्हणजे मतदाराने बरोब्बर वेगळं केलं, हा माणूस नको, पक्ष चालेल. जे लोकांना मतदान करताना कळतं ते आपल्याला इथे लिहिताना कळू नये?

तिरकस:
त्यांना वेगळं करता आलं कारण त्यांच्या हातात त्या दिवशी दोन वेगळी मतं होती. आपल्याकडे लोकसभेला एकच बटण. उमेदवार नको पण पक्ष हवा असेल तर मतदाराने करायचं काय?

काळी_मांजर:
एवढं सगळं काँग्रेस आणि अमेरिका, भोपाळवर कुणीच येईना म्हणून मी येते. एप्रिल २०१९, तिथल्या भाजपच्या उमेदवार प्रज्ञासिंह ठाकूर यांनी हेमंत करकऱ्यांबद्दल शापाची भाषा केली. २६/११ ला छातीवर गोळ्या झेललेला आपला अधिकारी! पक्ष म्हणाला वैयक्तिक मत. मग मे महिन्यात, भोपाळचं मतदान उरकल्यावर, गोडसे देशभक्त. मोदी म्हणाले मनापासून कधीच माफ करू शकणार नाही. ऐकायला बरं वाटलं, पण निकालात बाई साडेतीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आल्या आणि वर संसदेच्या संरक्षणविषयक सल्लागार समितीवर त्यांचं नावही आलं. हे 'वैयक्तिक मत' म्हणजे प्रत्येक प्रवक्त्याच्या खिशातली छत्री झालीये, पाऊस आला की उघडायची.

मधला_बाक:
मी भाजपला मत देतो, आधीच सांगतो. त्या समितीवरून त्यांना काढलं नोव्हेंबर २०१९ मध्ये, लोकसभेत परत गोडसेवरून बोलल्या तेव्हा. हे सोयीस्कर गाळू नका. २०२४ ला तिकीटही नाही दिलं.

आणि कारवाई केली तरी कुणाला फरक पडतो? कर्नाटकातले आमचे खासदार अनंतकुमार हेगडे मार्च २०२४ मध्ये बोलले की घटना बदलायला चारशे जागा पाहिजेत. पक्षाने लगेच हात झटकले, सहा वेळा खासदार राहिलेल्या माणसाचं तिकीट कापलं. तरी 'संविधान बदलणार' हे गावोगाव पोचलंच ना? फडणवीस 'फेक नॅरेटिव्ह' म्हणत राहिले, महाराष्ट्रात महाविकास आघाडीने ४८ पैकी ३० जागा नेल्या. कारवाई करूनही शिक्षा पक्षालाच आणि न करूनही पक्षालाच, मग पक्ष कशाला कुणाला काढेल उद्यापासून?

खिडकीजवळची:
पोचलं कारण हेगडे एकटे नव्हते. अयोध्या ज्या मतदारसंघात येते तिथले तुमचे उमेदवार लल्लू सिंह एप्रिलमध्ये तशाच अर्थाचं बोलले. त्यांचं तिकीट राहिलं. पडले ते. एक बोलला तर माणूस चुकला म्हणता येतं, दुसराही तेच बोलायला लागला की लोकांना शंका येणारच, हे कुठून ऐकतात हे सगळे?

मधला_बाक:
तेव्हा त्यांचा अर्ज भरायची वेळ आली होती हो, आयत्या वेळी उमेदवार बदलणं एवढं सोपं नसतं. आणि ते 'नॅरेटिव्ह' एवढं खरं असतं तर सहाच महिन्यांत त्याच महाराष्ट्राने विधानसभेला भाजपला १३२ जागा दिल्या नसत्या.

तिरकस:
लोक विसरले म्हणजे पक्ष सुटला असं थोडंच आहे.

बोरूबहाद्दर:
मग सोडायचं तरी कधी? काढून टाकलं तर म्हणता नाटक, परत घेतलं तर म्हणता बघा, ठेवलं तर म्हणता हेच यांचं धोरण. पक्षाने नेमकं काय केलं म्हणजे तुम्ही तो विषय मिटला म्हणाल, तेवढं एकदा लिहा.

काळी_मांजर:
मी लिहिते. पुन्हा तिकीट द्यायच्या किंवा दिलेलं कायम ठेवायच्या आधी भाषणं ऐका. अय्यरांच्या बाबतीत चहाचं वाक्य तिकिटाच्या आधी होतं आणि लल्लू सिंह बोलले तेव्हा हेगडेंवरचा गदारोळ जेमतेम महिन्यापूर्वीचा होता, दोन्ही पक्षांना ऐकू आलं नव्हतं असं कुणी सांगू नका.