व्होडकावाला पास्ता नेमका कुठला, इटलीचा की अमेरिकेचा?

अमळनेरकर:
भो, एक विचारायचं होतं. भाचा पुण्याहून आलाय, त्याने परवा पेने आल्ला व्होडका केला, म्हणजे टोमॅटो आणि क्रीमच्या केशरी ग्रेव्हीतला पास्ता, त्यात व्होडका. चव एकदम भारी. तो म्हणतो हा इटलीतला जुना पारंपरिक पदार्थ, आणि गल्लीतला पोरगा जो हॉटेल मॅनेजमेंट करून आलाय तो म्हणतो न्यूयॉर्कचा. खरं काय? आणि आई माळकरी आहे, तिला अजून दिला नाही. भाचा म्हणतो शिजल्यावर दारू पूर्ण उडते, द्या बिनधास्त. मला ते पटत नाहीये.

तापीकाठ:
जुना पारंपरिक तर अजिबात नाही भाऊ. ही सगळी १९७० च्या आसपासची गोष्ट. छापील पुरावा बघायचा तर इटलीचा सिनेनट उगो तोन्यात्सी, त्याला स्वयंपाकाचं प्रचंड वेड, त्याने १९७४ साली 'लाब्बुफोने' नावाचं पाककृतींचं पुस्तक काढलं, त्यात टोमॅटो, मिरची आणि व्होडका घालून पास्ता दिलाय, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या तिखट आराब्याताचाच आणखी भडक प्रकार. मग एक दावा बोलोन्या शहरातल्या दान्ते रेस्टॉरंटचा, आणि एक न्यूयॉर्कच्या ऑर्सिनी रेस्टॉरंटमधल्या लुईजी फ्रान्झेसे या शेफचा, तोही सत्तरच्या दशकातलाच. त्यामुळे पोरगा पण अगदीच चुकीचा नाही. माझं स्पष्ट मत, याचा एकच बाप शोधूच नये. तेव्हा व्होडका फॅशनमध्ये होती, क्रीम घातलेला पास्ता पण, दोन्हीकडच्या शेफना तेच सुचलं असणार. ऐंशीच्या दशकात इटलीत याची चांगलीच क्रेझ होती, नंतर तिकडे मागे पडला पण अमेरिकेतल्या इटालियन हॉटेलांनी धरून ठेवला. आपल्याकडच्या पोरांपर्यंत आला तो २०२० मध्ये जीजी हदीद या मॉडेलने इन्स्टाग्रामवर केला तेव्हापासून.

जळगावची ताई:
दादा, आईंना न सांगता अजिबात देऊ नका. दारू पूर्ण उडते हे खरं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात १५ मिनिटं शिजवल्यावर साधारण ४० टक्के अल्कोहोल उरतं, अर्ध्या तासाने ३५, आणि अडीच तास शिजवलं तरी ५ टक्के. चार जणांच्या पास्त्यात ६० मिली व्होडका धरा, तिच्यात अल्कोहोल पंचवीसेक मिली, १५ मिनिटांनी उरलं दहाएक. नशा नाही येणार पण माळेचा प्रश्न नशेचा नाहीच ना.

व्होडका घालतात त्याला कारण आहे. टोमॅटोचे काही वास पाण्यात नीट उतरत नाहीत, अल्कोहोल ते ओढून घेतं आणि उडता उडता नाकापर्यंत पोचवतं. मी करते तेव्हा शेवभाजीच्या मसाल्यासारखं टोमॅटोला तेल सुटेपर्यंत परतते, मग व्होडका. आधी असा उग्र भपका येतो की तोंड बाजूला करावं लागतं, तो गेला की मग गॅस अगदी बारीक करून क्रीम, नाहीतर आपले टोमॅटो आंबट, क्रीम फाटतं.

शहादेकर:
व्होडकाऐवजी मोहाची चालेल का? इकडे सातपुड्यात चांगली मिळते.

जळगावची ताई:
मोहाच्या फुलाचा वास टोमॅटोवर चढून बसेल. व्होडकाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो म्हणून तर ती घेतात. करून बघा पण तो पदार्थ वेगळाच होईल.

अमळनेरकर:
ताई, भाऊ, मनापासून धन्यवाद. भाच्याला वाचून दाखवलं. आईसाठी टोमॅटो परतून झाले की तिचा वाटा आधीच वेगळ्या कढईत काढतो, त्यात नुसतं क्रीम. मिरची किती घालू ते सांगा, तिला तिखटच लागतं.