हंगाम संपला की गाल्गो रस्त्यावर: स्पेनच्या प्राणी कायद्यातून शिकारी कुत्री वगळणं योग्य होतं का?

कोलोनकर

गाल्गो हा स्पेनचा वेगवान शिकारी कुत्रा. लांब तोंडाचा, खोल छातीचा, पोट पाठीला लागलेला. उघड्या माळावर ससा दिसला की गाल्गोंची जोडी सोडतात आणि पुढचं सगळं नजर आणि पाय यांवर चालतं. ही शिकार साधारण ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होते आणि जानेवारीच्या अखेरीस बंद होते. फेब्रुवारी उजाडला की कास्तिया, आंदालुसिया, एक्स्त्रेमादुरा इथली आश्रयगृहं भरायला लागतात. गाल्गो असतात, सशा-डुकरांच्या मागे सोडले जाणारे पोदेंको असतात. काही महामार्गाच्या कडेला सापडतात, काही मोडक्या पायांनी, काहींच्या मानेतली, मालकाची ओळख पटवणारी चिप कापून काढलेली. १ फेब्रुवारी हा दिवस तिथे गाल्गो दिन म्हणून पाळतात आणि त्या सुमारास दरवर्षी स्पेनच्या शहरांत मोर्चे निघतात.

मी जर्मनीत राहते. इथे, नेदरलंड्समध्ये, बेल्जियममध्ये स्पेनहून आणलेले गाल्गो बागेत नेहमी दिसतात. माझ्या घरातली गाल्गा (गाल्गोची मादी) आंदालुसियातल्या एका आश्रयगृहातून आली.

धागा काढण्याचं कारण तिथला कायदा. २०२३ साली स्पेनने प्राणीकल्याणाचा नवा राष्ट्रीय कायदा केला (७/२०२३). मार्चमध्ये संसदेने मंजूर केला, २९ सप्टेंबरपासून लागू झाला. सामाजिक हक्क मंत्रालयाच्या मूळ मसुद्यात सगळी कुत्री होती. पण त्याच आघाडी सरकारातल्या समाजवादी पक्षाने दुरुस्ती आणली आणि शिकारी कुत्री, शिकारीच्या टोळ्यांतली कुत्री, मेंढपाळांची कुत्री, पोलिसांची कुत्री असे सगळे कामकरी प्राणी वगळले गेले.

माझं म्हणणं असं. सोडून देणं हा दोन-चार निर्दय माणसांचा दोष नाही, तो या शिकारीच्या हिशेबातच बसवलेला आहे. चांगला पळणारा एक गाल्गो मिळावा म्हणून अख्खं वेत वाढवायचं, पहिल्या हंगामात पारख करायची, उरलेले काढून टाकायचे. जो निवडला जातो त्याचेही दोन-तीन हंगामच. कुत्रा मात्र बारा-तेरा वर्षं जगतो. मधल्या नऊ-दहा वर्षांचा खर्च शिकारी उचलत नाही, आश्रयगृह उचलतं. ज्या कुत्र्यांना कायद्याची सर्वांत जास्त गरज होती तीच बाहेर ठेवली गेली.

---

दुसरी_बाजू

कोलोनकर ताई, तळमळ पोचली. पण निष्कर्षाशी असहमत.

पहिलं, आकडे. या विषयावर दरवर्षी पन्नास हजार गाल्गो टाकले जातात असा आकडा फिरत असतो. तो प्राणीमित्र संघटनांचा अंदाज आहे. शिकारी महासंघ तो साफ नाकारतो, आणि पोलिसांकडे नोंदवली जाणारी प्रकरणं त्याच्या जवळपासही जात नाहीत. तुम्ही तो आकडा दिला नाहीत हे चांगलं केलंत, पण पुढे कुणीतरी देईलच म्हणून आधीच लिहितो.

दुसरं, शिकारी कुत्री कायद्याबाहेर आहेत हे अर्धंच खरं. ती एका कायद्याच्या बाहेर आहेत. दंडसंहिता त्यांना पूर्ण लागू आहे. त्याच मार्चमध्ये दंडसंहिताही कडक झाली. पाळीव प्राण्याला क्रूरपणे मारून टाकलं तर बारा ते चोवीस महिने कैद, आणि त्यात कुत्रा शिकारीचा की घरातला असा भेद नाही. कुत्र्याला टाकून देणं हाही गुन्हाच. चिप प्रत्येक प्रांतात सक्तीची. मग आणखी एक कायदा लादून काय साधणार होतं?

---

पशुवैद्य_पुणे

आकड्यांबद्दल थोडं. स्पेनमध्ये आश्रयगृहांची पाहणी करून अफिनिटी फाउंडेशन दरवर्षी अहवाल काढतं. गेली काही वर्षं आश्रयगृहांत येणाऱ्या कुत्र्या-मांजरांची संख्या अडीच लाखांच्या वर आहे. कारणांत नको असलेली पिल्लं सर्वांत वर. पण शिकारीचा हंगाम संपणं हेही ठळक कारणांत मोजलं जातं. म्हणजे पन्नास हजार खरे नसले तरी प्रश्न काल्पनिक ठरत नाही. शिवाय नको असलेली पिल्लं या रकान्यात शिकाऱ्याच्या कुत्रीची वेतंही असणारच, ती वेगळी मोजली जात नाहीत.

वैद्यकीय बाजूही इथे महत्त्वाची आहे. या जातीच्या अंगावर चरबी फार कमी असते आणि कातडी पातळ. काटेरी तारेने सहज फाटते, थंडी सोसत नाही. भुलीची काही जुनी औषधं त्यांच्या शरीरातून लवकर उतरत नाहीत, म्हणून शस्त्रक्रियेत जपावं लागतं. त्यात दक्षिण स्पेनमध्ये वाळूमाशीमुळे होणारा लेशमॅनियासिस आणि गोचिडांतून होणारा एर्लिखिओसिस, हे आजारही आहेत. फेब्रुवारीत उघड्यावर पडलेला गाल्गो गावठी कुत्र्यासारखा निभावून नेत नाही. त्यामुळे सोडून दिलं, जगेल कुठेतरी, हा विचार या जातीच्या बाबतीत मुळातच चुकीचा आहे.

---

जतचा_पाहुणा

मी शिकाऱ्याच्या बाजूनं नाही, कुत्रा राखणाऱ्याच्या बाजूनं लिहितोय.

आमच्याकडं जत, मंगळवेढा, पार मुधोळपर्यंत कारवान कुत्री पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बांधा गाल्गोसारखाच, काम एकेकाळी तेच, माळावरचा ससा. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात नावारूपाला आणली. वन्यजीव कायद्यानं ससा मारणं गुन्हा ठरला, शिकार गेली. कुत्री मात्र गेली नाहीत. आजही आमच्या वस्तीवर आहेत, राखणीला आहेत, प्रदर्शनाला जातात. म्हातारी झालेली कुत्री आमच्या दारातच मरते, तिला कुणी हायवेला सोडत नाही.

तेव्हा शिकारी माणूस म्हणजे कुत्रा टाकणारा, हे समीकरण मला पटत नाही. आणि टाकणारे कोण असतात ते मी इकडं बघतोय. शहरातली हौशी माणसं रुबाबदार दिसतो म्हणून कारवान नेतात, फ्लॅटमध्ये ठेवतात, वर्षभरात तो भिंती खरवडायला लागला की फोन येतो, परत घेता का. परत घेतला तर बरा, नाहीतर सोडला कुठंतरी. त्यातल्या एकानंही आयुष्यात बंदूक धरलेली नसते.

---

सह्याद्रीची_लेक

शिकारच बंद करा ना! इंग्लंडने २००४ साली कायदा करून कुत्र्यांकरवी सशाची शिकार बंद केली. स्पेनला काय अडचण आहे? मुळावर घाव घाला.

---

दुसरी_बाजू

@सह्याद्रीची_लेक, अडचण आहे. मार्च २०२२ मध्ये शेतकरी, पशुपालक आणि शिकारी मिळून माद्रिदच्या रस्त्यांवर उतरले होते, लाखाच्या वर लोक. स्पेनची खेडी ओस पडताहेत, शाळा बंद होताहेत, आणि माद्रिदमध्ये बसून आमच्या जगण्याचे नियम ठरवता, हा त्यांचा संताप होता. शिकारी कुत्री वगळण्यामागे हे राजकारण आहेच, नाकारत नाही. पण खेड्यातल्या माणसाला गुन्हेगार ठरवून कुत्री वाचत नाहीत. तो कुत्रा लपवायला लागतो, पशुवैद्याकडे न्यायचा थांबतो. इंग्लंडमध्येही बंदीनंतर चोरून शिकार चालूच आहे.

आणि नव्या कायद्यातल्या अटी बघा. कुत्रा सलग चोवीस तासांपेक्षा जास्त देखरेखीविना ठेवायचा नाही. पिल्लं फक्त नोंदणीकृत पैदासकाराने काढायची. फ्लॅटमधल्या कुत्र्याला हे ठीक. गावाबाहेरच्या शेतावर कुत्री ठेवणाऱ्याला, स्वतःच्या कुत्रीचं एखादं वेत काढणाऱ्याला हे कसं लागू करणार?

---

कोलोनकर

@दुसरी_बाजू, तुम्ही नेमक्या जागेवर बोट ठेवलंत. शिकारी संघटनांना खरी अडचण पैदासीच्या अटीची होती, आणि माझ्या मते तीच अट सर्वांत महत्त्वाची होती.

दंडसंहितेचं म्हणता, पण ती कधी चालते? कुत्रा मेल्यावर किंवा मरायला टाकल्यावर, तेही मालक सापडला तर. ग्रामीण भागात गार्दिया सिविल या पोलीस दलाचं सेप्रोना हे पथक असे गुन्हे तपासतं आणि त्यांचं काम चांगलं आहे. पण चिप काढलेल्या कुत्र्याचा मालक शोधायचा कसा? आणि चिप असली तरी मालक म्हणतो, चोरीला गेला होता, हरवला होता. कधी कधी ते खरंही असतं, शिकाऱ्यांचे चांगले गाल्गो खरोखर चोरले जातात. म्हणूनच फौजदारी खटला उभा राहत नाही. पोलिसांकडची प्रकरणं कमी दिसतात त्यामागे हेही आहे. गुन्हा सिद्ध होण्यासारखा नसला की तो नोंदवला तरी कशाला जाईल?

प्रशासकीय कायदा, म्हणजे २०२३चा हा प्राणीकल्याण कायदा, आधी काम करतो. तुझ्याकडे किती कुत्री, यंदा किती पिल्लं झाली, गेल्या वर्षीची कुठे आहेत, हे तो कुत्रा जिवंत असताना विचारतो. दाराशी आलेला निरीक्षक एवढं विचारू शकला असता, तर पुष्कळ काही बदललं असतं.

गळफास देऊन मारण्याचे प्रकार पूर्वीपेक्षा कमी झालेत असं आश्रयगृहांतले लोकही सांगतात. लोकांचा रोष आणि शिक्षेची भीती यांचा उपयोग होतो. मग तीच भीती चार पावलं अलीकडे का आणू नये?

जतच्या दादांना. तुमच्या दारात म्हातारी कुत्री मरते, हे वाचून खरंच बरं वाटलं. असे गाल्गोपालक स्पेनमध्येही आहेत. पण कायदा चांगल्या माणसाच्या भरवशावर लिहीत नाहीत. आणि तुमच्या उदाहरणातून मला वेगळं काही दिसतं. तुमच्याकडे हंगामच उरला नाही. कुत्र्याचं मोल ससा पकडण्यावर ठरत नाही, म्हणून फेब्रुवारीत तो निरुपयोगी ठरत नाही.

---

जतचा_पाहुणा

ताई, ते तितकं सरळ नाही. शिकार गेली तेव्हा जातही जवळजवळ गेली होती. कामच नाही तर कुत्रा पाळायचा कशाला, म्हणून लोकांनी पैदास सोडली. मग मुधोळजवळ तिम्मापूरला सरकारी केंद्र निघालं, प्रदर्शनं वाढली, लष्करानं चाचण्या घेतल्या, तेव्हा भाव आला. काम काढून घेतलं की जात टिकेलच असं धरून चालू नका. गाल्गोच्या बाबतीत स्पेनचा शिकारी हेच म्हणत असेल आणि त्यात तथ्य आहे.

---

पशुवैद्य_पुणे

जात टिकवणं आणि त्यातला प्रत्येक कुत्रा जगवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दादा. गाल्गोची जात आज अजिबात धोक्यात नाही. पैदास जास्त होणं हेच तिचं दुखणं आहे.

अवांतर: इथे स्पेनला नावं ठेवताना आपल्या १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातलं कलम ११ वाचून घ्यावं. प्राण्याला उपासमार होईल अशा तऱ्हेने टाकून दिलं तर पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. दवाखान्याच्या फाटकाला बांधून गेलेली कुत्री मी दर महिन्याला बघते. लॅब्रेडॉर असतात, हस्की असतात, आता कारवानही यायला लागलेत. पन्नास रुपयांच्या भीतीने कुणी थांबत नाही. तरी आपल्या त्या कलमात कामकरी कुत्रा आणि घरातला कुत्रा असा फरक केलेला नाही, एवढं एक त्यात बरं आहे.

---

मीठभाकर

@कोलोनकर, एक शंका. जर्मनी-नेदरलंड्सचे लोक हजारो कुत्री घेऊन जातात, त्यामुळे टाकणाऱ्याची सोयच होत नाही का? आश्रयगृह रिकामं होतं, पुढच्या फेब्रुवारीला पुन्हा जागा तयार. परदेशी कुटुंबं त्या शिकाऱ्याचाच खर्च भागवताहेत असं वाटतं.

---

कोलोनकर

@मीठभाकर, हा प्रश्न मला स्वतःला छळतो. हो, काही प्रमाणात तसं होतं. हंगाम संपल्यावर काही शिकारी स्वतःहून कुत्री आश्रयगृहात आणून देतात. रस्त्यावर सोडण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं, आणि तिथले कार्यकर्ते त्यांना दारातून परत पाठवत नाहीत. पाठवलं तर काय होईल हे त्यांना ठाऊक आहे. पण रेबीजची लस, त्यानंतर थांबण्याचे एकवीस दिवस, लेशमॅनियाची चाचणी, नसबंदी, पासपोर्ट, गाडीभाडं हा सगळा भार वर्गणीवर आणि दत्तक घेणाऱ्यांवर. ज्याने वेत काढलं त्याच्यावर शून्य.

म्हणून आम्ही दत्तक घेणं थांबवावं का? ज्या गाल्गाला मी रोज सकाळी फिरवते तिच्याकडे बघून मला हो म्हणता येत नाही. तिथे पिंजऱ्यात बसलेल्या कुत्रीला कायदा बदलेपर्यंत थांब असं सांगता येणार नाही. दत्तक घेणारे देश आणि स्पेनचे कायदेकर्ते, दोघांकडेही मागणी लावून धरावी लागेल.

---

दुसरी_बाजू

खर्च वेत काढणाऱ्याकडून वसूल व्हावा हे मला मान्य आहे. सरसकट राष्ट्रीय कायदा मान्य नाही. शिकारीचे नियम स्पेनमध्ये प्रांतांकडे आहेत. शिकारीचा परवानाच कुत्र्यांच्या नोंदीला जोडा. नूतनीकरणाच्या वेळी गेल्या वर्षीचा प्रत्येक कुत्रा दाखवायचा. जिवंत असेल तर कुत्रा, मेला असेल तर पशुवैद्याचा दाखला, दिला असेल तर ज्याला दिला त्याच्या नावची चिप. तीनपैकी काहीच नसेल तर परवाना नाही. शिकाऱ्याला परवाना जाण्याची भीती दंडापेक्षा जास्त असते.

---

कोलोनकर

परवान्याशी जोडण्याची कल्पना चांगली आहे, मनापासून. पण पिल्लांचं काय? चिप लागण्याआधीच नाहीशी झालेली पिल्लं तुमच्या हिशेबात येणार नाहीत. गाभण कुत्रीची नोंद हवी, आणि वेतातल्या प्रत्येक पिल्लाची जबाबदारी पहिली पाच वर्षं कुत्रीच्या मालकावर हवी.

---

जतचा_पाहुणा

गाभण कुत्रीची नोंद चालेल, आम्हीही करू. पाच वर्षं मात्र नाही. मी पिल्लू विश्वासानं दिलं, चिप दुसऱ्याच्या नावावर झाली, आणि त्यानं चौथ्या वर्षी सोडलं तर दंड मला? मग उद्यापासून मी ओळखीतल्या माणसालाही पिल्लू देणार नाही. चिप ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची. फार तर नाव बदलेपर्यंत माझी. आणि नाव बदलायला दोघांनीही पशुवैद्यासमोर हजर राहावं, कागदावर सही करून कुत्रा बदलू नये, एवढी अट घाला. त्याला माझी हरकत नाही.