कोयनानगरातलं जुनं दगडी क्वार्टर आता कुठे सापडेल?

आजोबा कोयना धरणाच्या कामावर फोरमन होते, त्यांचा १९६४ सालचा एक फोटो घरी सापडला, दगडी भिंतीचं बैठं क्वार्टर, वर कौलं, ओट्यावर आजी बसलीय. आजी आता ८६ ची आहे, तिला एकदा ते घर दाखवायचं म्हणून दिवाळीत आधी मी एकटीच जाऊन आले पण सगळी कॉलनी पालथी घातली तरी तशी रांग कुठे दिसलीच नाही. तिथले लोक कुठे राहायचे हे कोणाला माहितीय का?

—

ताई, तुम्हाला ती रांग दिसली नाही कारण ती बहुतेक राहिलीच नाहीये. ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचार-साडेचारच्या दरम्यान साडेसहा रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला, सगळे झोपेत, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. जाड दगडी भिंत दिसायला मजबूत पण वजन प्रचंड, दगड नीट बांधलेले नसले की हादऱ्याने भिंत फुटते आणि छप्पर घेऊनच खाली येते. धरणाला पण वरच्या भागात आडवे तडे गेले होते, नंतर मागच्या बाजूने काँक्रीटचे टेकू देऊन ते मजबूत केलं. आता कॉलनीत जे दिसतं त्यातलं बरंचसं नंतरचं बांधकाम आहे.

—

फोटोतला दगड काळा आहे की तांबूस? तांबूस म्हणजे जांभा असेल तर घाटाखालचं पोफळी पण असू शकतं, वीजघर तिथेच ना, स्टाफ तिकडे पण राहायचा. कुंभार्ली घाट उतरलं की आलंच. अलोरेची कॉलनी मात्र सोडा, ती तिसऱ्या टप्प्याची, कोळकेवाडी धरणाच्या वेळची, तुमच्या फोटोनंतरची.

—

मी सात वर्षांची होते त्या रात्री. बाबा मशिनरीवर होते, आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं, साहेबांचे बंगले वर टेकाडाला आणि आम्ही खाली. आईने मला ओढत अंगणात काढलं एवढंच आठवतं, आणि धूळ, इतकी धूळ की शेजारच्या काकू हाका मारत होत्या पण दिसत नव्हत्या. त्या काकू वाचल्या, त्यांची धाकटी नाही वाचली. नंतर आम्ही पत्र्याच्या खोल्यांत राहिलो, डिसेंबरची थंडी, तरी आईला पत्राच बरा वाटायचा. तुमच्या आजीला हे माहीत असेलच, तिला घर नाहीये हे अचानक तिथे उभं करून सांगू नका हो, आधी घरीच सांगा.

—

काका, ताई, खूप आभार. दगड काळाच आहे, म्हणजे कोयनानगरच. आजीला काल विचारलं तर म्हणाली, "६६ ला आपली बदली झाली, घर पडलं ते मला पत्रातून कळलं." इतकी वर्षं कधी बोलली नव्हती. तरी तिला यायचंच आहे, म्हणते ओट्यावरून धरणाची भिंत दिसायची आणि उजव्या हाताला नळ होता. तेवढ्यावरून जागा ओळखू येईल असं कोणी तिथे जुनं राहणारं असेल तर प्लीज मेसेज करा.