लाइटने येणारी फीट : कोंबड्या-माकडांवरचे प्रयोग हवेत की बंद करावेत?

गोदाकाठ (नांदेड)
मिरवणुकीत डीजेच्या लाइटसमोर पोरगं फीट येऊन पडलं, की आपल्याकडं कुणी नाकाला चप्पल लावतं, कुणी म्हणतं डोळे कमजोर आहेत. दोष असतो मेंदूत. फायूमी जातीच्या कोंबड्यांच्या एका वाणाला लुकलुकत्या प्रकाशाने झटके येतात. अंड्यात असतानाच अशा पिल्लाच्या मेंदूचा पुढचा आणि मधला भाग काढून निरोगी पिल्लात बसवला, तर आजारही त्याच्यासोबत गेला. माणसावर हा प्रयोग कोण करणार? म्हणून असे प्रयोग चालू राहायला हवेत.

परभणीची पशुवैद्य
मला अजिबात पटत नाही. सेनेगलमधल्या कासामान्स भागातल्या बबून माकडांना असे झटके येतात, हे 1966 पासून माहीत आहे. त्यांच्यात विद्युत गडबड कपाळामागच्या, हालचालींच्या भागातून उठते. माणसात बहुतेकदा डोक्याच्या मागच्या बाजूला, दृष्टीच्या भागातून. मग डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवून त्या जिवाला पुन्हा पुन्हा तडफडवायचं कशासाठी? मी जनावरांना झटके येताना जवळून बघते. पाय ताणलेले, तोंडाला फेस, नंतर कितीतरी वेळ उभं राहता येत नाही.

लातूरकर मास्तर
ताई, त्या फरकातूनच तर कळलं की ठिणगी दृष्टीच्या भागात पडली तरी भडका दुसरीकडं उडू शकतो. आणि कोंबडीतला दोष एसव्ही2ए या जनुकात सापडला. लेव्हेटिरासिटाम ही फीटची गोळी त्याच जनुकातून बनणाऱ्या प्रथिनावर काम करते.

परभणीची पशुवैद्य
सर, क्रम बघा. गोळी 1999 ला बाजारात आली, कोंबडीतलं जनुक 2011 ला सापडलं. कोंबडीने गोळी दिली असं म्हणता येत नाही.

लातूरकर मास्तर
क्रम मान्य. पण गोळीचा गुण पहिल्यांदा दिसला तो आवाजाने झटके येणाऱ्या उंदरांत. म्हणजे जनावर आलंच ना मधे!

गोदाकाठ (नांदेड)
ताईंचं एवढं मानतो : ईईजीवर, म्हणजे डोक्याला बाहेरून तारा लावून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत नोंदीवर, भागतं तिथं जनावर नको. सेकंदाला 15 ते 25 वेळा लुकलुकणारा प्रकाश सगळ्यात घातक, हे माणसांच्या ईईजीतूनच कळलं. पण एका पेशीचा आवेग शेजारच्या पेशींत कसा पसरतो, हे बाहेरून लावलेल्या तारांना दिसत नाही. तिथं मी अडतो.

परभणीची पशुवैद्य
मग प्रयोग तेवढ्यापुरताच ठेवा, भूल देऊन. आणि मिरवणुकीत ज्याला असा त्रास आहे त्याला सांगा, नुसते डोळे मिटू नकोस, पापणीतूनही प्रकाश आत जातो. एक डोळा तळहाताने घट्ट झाक आणि दिव्याकडं पाठ कर.