मदत हवी आहे: नवरा सेमिनरीत, मी आणि मुलं नगरला

सर्वांना सलाम. माझे मिस्टर बँकेतली नोकरी सोडून गेल्या जूनपासून पुण्याला सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती पाळक (पाद्री) घडवणाऱ्या महाविद्यालयात, बी. डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) करताहेत. पदवी सेरामपूर विद्यापीठाची, ग्रीक-हिब्रूसकट, त्यामुळे रात्री फोनवरही पाठांतर चालू असतं. त्यांना झालेलं देवाचं पाचारण मी मनापासून मानते. आजेसासरेही याच कामात होते, ते यवतमाळला शिकले. (युनियन बिब्लिकल सेमिनरी तेव्हा तिथे होती, 1983 मध्ये पुण्याला आली.)

मी नर्स आहे. घर माझ्या पगारावर चालतं, त्याची तक्रार नाही. अवघड जातो तो रविवार. त्यांना शिक्षणाचा भाग म्हणून दुसऱ्या मंडळीत (चर्चमध्ये) सेवेला जावं लागतं, म्हणजे सुट्टीच्या दिवशीही ते घरी नसतात. मोठा सात वर्षांचा आहे. परवा उपासनेत शेजारच्या मुलाचे वडील त्याला मांडीवर घेऊन बसले, तर हा माझा हात सोडून बाहेर जाऊन उभा राहिला. घरी आल्यावर जेवला नाही. धाकटी तर पप्पा फोनमध्येच राहतात असं समजते.

आता पुढच्या वर्षी कॅम्पसवर कुटुंबासाठी खोली मिळू शकते. गेले तर माझी कायमची नोकरी जाते आणि सासूबाई एकट्या पडतात.

ज्या ताई यातून गेल्या आहेत, त्यांनी कृपया सांगा: तुम्ही सोबत गेलात की मागे राहिलात? मुलांची शाळा मध्येच बदलली का? पुण्यात नर्सिंगचं काम शिफ्ट ड्युटीशिवाय मिळतं का? पाळकांच्या घरात वाढलेल्यांनीही लिहा, लहानपणी तुम्हाला काय हवं होतं?