मंगोलियात लोकशाही टिकली ती जुन्या कम्युनिस्ट पक्षामुळे की त्याला पुरून उरून?

रानवारा
पूर्व युरोपावर आपल्याकडे थोडंफार लिहिलं जातं, मंगोलियावर जवळपास नाहीच. लोकसंख्या ३५ लाखांच्या घरात, वर रशिया, खाली चीन, आणि तरीही १९९० पासून तिथली सरकारं मतपेटीतून बदलतात. कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात जुने कम्युनिस्ट प्रमुखच राष्ट्राध्यक्ष झाले आणि पंचवीस-तीस वर्षं हलले नाहीत. इथे तसं का झालं नाही?

माझ्या मते याचं मोठं श्रेय जुन्या सत्ताधारी पक्षाला, मंगोलियन पीपल्स रेव्होल्यूशनरी पार्टीला द्यायला हवं. मार्च १९९० मध्ये राजधानी उलानबातरच्या सुखबातर चौकात लोकशाहीच्या मागणीसाठी दहा जण उपोषणाला बसले. बळ वापरायला पक्षातले काही जण तयार होते. पक्षाचे प्रमुख, सरचिटणीस बातमोंख यांनी त्या आदेशावर सही करायला साफ नकार दिला आणि दोनच दिवसांत सगळ्या पॉलिटब्युरोचा, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळाचा, राजीनामा जाहीर केला. चीनने तिआनमेन चौकातलं आंदोलन गोळ्या घालून चिरडलं त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं! पुढे हा पक्ष १९९२ मध्ये जिंकला आणि १९९६ मध्ये हरला, तेव्हा पंच्याहत्तर वर्षांची सत्ता मुकाट्याने सोडून विरोधी बाकांवर जाऊन बसला. हरल्यावर खुर्ची सोडणारा पक्ष ही लहान गोष्ट नाही.

आडवाट
सपशेल असहमत. बातमोंख यांच्याबद्दल मलाही मनापासून आदर आहे, पण एका माणसाच्या विवेकाचं श्रेय पक्षाच्या खात्यात कसं टाकता? चौकातल्या लोकांना तर तुम्ही एका वाक्यात उरकलंत. त्या आंदोलनाचे एक नेते झोरिग यांचं तेव्हाचं छायाचित्र बघा: कुणाच्या तरी खांद्यावर बसून, हातात भोंगा घेऊन ते गर्दीला शांत राहायला सांगताहेत. गर्दी बिथरली असती तर बातमोंख यांच्या नकाराला किती वजन राहिलं असतं?

याच झोरिग यांचं नाव २ ऑक्टोबर १९९८ रोजी पंतप्रधानपदासाठी पुढे येत होतं. त्याच रात्री घरात घुसून त्यांना भोसकून मारलं. अनेक वर्षांनी खटला चालला तोही बंद दाराआड. ज्या देशाला आपल्या लोकशाहीच्या नेत्याचा खून कुणी करवला हे खात्रीने सांगता येत नाही, तिथल्या पक्षांना प्रमाणपत्रं वाटू नयेत.

आणि आकडे बघा. १९९२ मध्ये जुन्या पक्षाला मतं ५७ टक्क्यांच्या आसपास, जागा ७६ पैकी ७०. २०१६ मध्ये मतं सुमारे ४५ टक्के, जागा ६५! चौकातल्या लोकशाहीवाद्यांच्या परंपरेतल्या डेमोक्रॅटिक पार्टीला मतं ३३ टक्के आणि जागा फक्त ९. याला लोकांचा कौल म्हणायचं?

रानवारा
२०१६ चं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. प्रमाणशीर जागांची, म्हणजे पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा देण्याची, तरतूद घटनाबाह्य असल्याचा निकाल घटना न्यायालयाने दिला आणि मतदानाला जेमतेम दोन महिने उरले असताना नियम बदलले गेले, तेव्हा संसदेत सगळ्यात मोठा पक्ष डेमोक्रॅटिक पार्टीच होता. त्या बदलाने त्यांचाच घात झाला. यात जुन्या पक्षाने काय केलं?

जुनीवही
दोघांचंही ऐकून मला १९९६ ते २००० या काळाकडे वळावंसं वाटतं, कारण खरी गोम तिथे आहे. लोकशाहीवाद्यांची आघाडी ५० जागा घेऊन आली, आणि चार वर्षांत चार पंतप्रधान झाले. एका बँकेच्या विलीनीकरणावरून सरकार पडलं. आपसातली भांडणं मिटेनात. त्यात सोव्हिएत मदत केव्हाच आटलेली, कारखाने बंद, गावाकडे हिवाळ्यात गुरंढोरं मरताहेत. मग २००० मध्ये जुना पक्ष ७२ जागा घेऊन परत आला यात नवल काय? ज्यांच्यासाठी लोक थंडीत उभे राहिले, त्यांनीच लोकांना वाऱ्यावर सोडलं. हे मला जुन्या पक्षाच्या कुठल्याही कारवाईपेक्षा जास्त बोचतं.

नंतरही तेच. २०१९ मध्ये न्यायाधीशांना हटवण्याची वाट मोकळी करणारा कायदा आणण्यात पुढाकार होता राष्ट्राध्यक्ष बात्तुलगा यांचा, आणि ते डेमोक्रॅटिक पार्टीचे!

(थोडं विषयांतर, पण आपल्या देशाशी जोडलेलं. १९९० ते २००० या काळात तिथे भारताचे राजदूत होते लडाखचे कुशोक बकुला रिनपोछे. दडपलेला बौद्ध धर्म तिथे पुन्हा उभा करण्यात त्यांचा मोठा हात होता. आपल्याकडे त्यांची आठवण फार कमी काढली जाते.)

आडवाट
दोन्ही पक्ष सारखेच, हे मान्य. पण मग माझाच मुद्दा पक्का होतो: पक्षांनी काही टिकवलं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये चीनला जाणाऱ्या कोळशातल्या चोरीवरून लोक कडाक्याच्या थंडीत पुन्हा त्याच चौकात जमले. २०२५ मध्ये पंतप्रधान ओयुन-एर्देने यांच्या मुलाच्या उंची राहणीवरून तरुण रस्त्यावर आले. ३ जूनला विश्वासमताला ६४ मतं हवी होती, मिळाली ४४. पंतप्रधानांना पद सोडावं लागलं.

रानवारा
ती मतं कुणी दिली नाहीत? खासदारांनीच ना? चौकातली हाक संसदेत पोचायला आत पक्ष लागतात. २०२३ च्या घटनादुरुस्तीने जागा १२६ केल्या, त्यातल्या ४८ प्रमाणशीर. म्हणून २०२४ मध्ये जुन्या पक्षाला ६८ वरच थांबावं लागलं, डेमोक्रॅटिक पार्टी ४२ वर गेली आणि पाच पक्ष आत आले. ७० आणि ७२ चे दिवस संपले, आणि ही दुरुस्ती जुन्या पक्षाचंच प्रचंड बहुमत असलेल्या संसदेने केली.

आडवाट
केली, कारण २०२२ चा चौक त्यांच्या डोळ्यांसमोर होता. आणि ओयुन-एर्देने गेल्यावर पंतप्रधान कोण झाले? झंदनशातर, त्याच पक्षाचे. कोळशाच्या पैशांवर पक्ष कसे पोसले जातात याचा हिशेब जोवर उघड होत नाही, तोवर पाच पक्ष असोत की पन्नास, मी श्रेय चौकालाच देणार.