अनुभव धागा: सोळा ते एकोणीस – आधी काय वाढलं? अंग, अक्कल की घरातली किंमत?

जास्वंद (धागाकर्ती)

दहावीचा निकाल लागला की घरात जाहीर होतं, 'आता तू मोठा झालास.' नेमकं काय मोठं झालं, हे कुणी विचारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात किशोरवय 10 ते 19. त्यातल्या पहिल्या निम्म्याबद्दल, म्हणजे पाळी, आवाज फुटणं, मुरुमं, आता शाळेत निदान एखादं व्याख्यान तरी होतं. उत्तरार्धाच्या वाट्याला मात्र फक्त करिअर मार्गदर्शन येतं.

माझं मत आधीच सांगते. शरीर, मन आणि चार माणसांतली जागा या तिन्हींची वेळापत्रकं वेगवेगळी असतात. त्या वयातला निम्मा त्रास त्यांचा मेळ बसत नाही म्हणून होतो. पटत नसेल तर भांडा. अट एकच: स्वतःचं लिहा. 'आजकालची मुलं' या विषयावर इतरत्र भरपूर धागे आहेत.

माळावरचा

आमच्या भागात पोरगं दहावी झालं की दोनच वाटा, आयटीआय नाहीतर भरती. मी भरतीवाला. पण अकरावीतसुद्धा मी वर्गातल्या निम्म्या पोरींच्या खांद्याला लागायचो आणि आवाज तर विचारू नका. फोन उचलला की पलीकडनं, 'वहिनी, दादा हायेत का घरात?'

पोलीस भरतीला पोरांना 165 सेंटीमीटर उंची लागते. छाती 79, आणि फुगवून 5 नं वाढली पाहिजे. आमच्या तालमीच्या भिंतीवर कुणीतरी 165 वर विटकरानं रेघ मारून ठेवली होती. पळून आलं की एकेक जण तिथं पाठ टेकवायचा. माझ्या डोक्यावर चांगली वीतभर भिंत शिल्लक. आईनं बाजारातनं उंची वाढवायची पावडर आणली, चुलत्यानं आंब्याच्या फांदीला लोंबकळायला लावलं. फांदी वाकली तेवढी.

शेवटी मामा मला आणि वडिलांना मिरजेला घेऊन गेला, तेही बालरोगतज्ज्ञाकडं. सतरा वर्षांचा गडी मी, झबली-टोपडी घातलेल्या पोरांच्या रांगेत बसलो. डॉक्टरांनी डाव्या पंजाचा एक्स-रे काढून उजेडावर धरला. बोटांच्या हाडांच्या टोकाशी बारीक काळी फट दिसत होती. म्हणाले, वय सतरा असलं तरी हाड अजून चौदाचं आहे. ही फट बुजली की उंची थांबते, याची उघडी आहे, म्हणजे थांबा. मग वडिलांकडं वळून विचारलं, 'तुम्हाला मिसरूड कधी फुटलं?' वडील जमिनीकडं बघत म्हणाले, 'लग्न ठरलं तवा नव्हतं.' डॉक्टर हसले, कुठलंही औषध दिलं नाही. काही घराण्यांत उशिराच असतं म्हणे.

एकोणीस लागेपर्यंत 168 झालो. भरतीत उंची-छाती निघाली, 1600 मीटरला मागं पडलो, ते वेगळं. आता पोकलेन चालवतो, बरं चाललंय. पण एक गंमत. आवाज फुटला त्याच सुमारास घरात माझ्यासमोर जमिनीच्या वाटणीचं बोलायला लागले. अक्कल आदल्या महिन्याएवढीच होती, आवाज तेवढा जाड झाला होता.

कैरीची डाळ

@माळावरचा, पोरींचं याच्या बरोब्बर उलटं. आमचं अंग आधी भरतं आणि वाटणीचं बोलणं निघालं की 'तू आत जा, चहा टाक.' बाकी वहिनी वाचून फुटले.

अर्धी पोळी

बारावीनंतर 'नीट' (मेडिकलची प्रवेश परीक्षा) रिपीट करायला लातूरला होते. ज्यांना माहीत आहे त्यांना ट्यूशन एरिया म्हटलं की पुरे. 720 पैकी किती, यापलीकडे माणसाची ओळख नसते तिथे. मेसचा डबा यायचा. भाजीवर तेलाचा तवंग, खाली पाणी. त्यातली अर्धी पोळी खाऊन मी उठायची.

पौषाच्या आसपास जिना चढताना धाप लागायला लागली. वाचलेलं डोक्यात राहीना, टेस्टचे मार्क उतरले. क्लासचे सर म्हणाले टेन्शन घेऊ नको. घरी फोन केला, आई म्हणाली टेन्शन घेऊ नको. मला मात्र टेन्शनपेक्षा भलतंच काहीतरी होत होतं: बर्फ खावासा वाटायचा. थंडीत. हॉस्टेलच्या फ्रिजमध्ये कडेला जो भुसभुशीत बर्फ जमतो ना, तो मी चमच्यानं खरवडून खायची, तोही सगळ्या झोपल्यावर, कारण दिवसा लाज वाटायची.

हॉस्टेलवर तपासणीला एक डॉक्टरबाई आल्या. डोळ्याखालची कातडी ओढून बघितली आणि थेट विचारलं, 'माती, खडू, बर्फ असलं काही खावंसं वाटतं का गं?' मला रडूच आलं, हे यांना कसं कळलं! रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 7.9. बायकांमध्ये 12 च्या खाली म्हणजे रक्तक्षय. लोह कमी पडलं की बर्फ चघळायची इच्छा होते हे तेव्हा कळलं. पाळीत रक्त जायचं ते भरून येत नव्हतं, एवढंच. गोळ्या दिल्या, सोबत लिंबू घे म्हणाल्या आणि जेवणावर लगेच चहा बंद. चहामुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही.

गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच बर्फ सुटला, मग हळूहळू अभ्यासही बसायला लागला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59.1 टक्के रक्तक्षयी निघाल्या होत्या. म्हणजे आमच्या मजल्यावर मी एकटी नसणारच. बाकीच्यांनाही टेन्शन घेऊ नको असंच सांगत असतील.

माजघर

मी 66 वर्षांची आहे, टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

माझं लग्न 1976 साली झालं, सतराव्या वर्षी. तेव्हा कायद्यानं मुलीला 15 पुरे होती. 1978 साली ती 18 झाली, मुलांची 18 ची 21 झाली. म्हणजे माझ्या पाठच्या बहिणीला कायदा भेटला, मला भेटला नाही.

तुम्ही ज्याला किशोरवय म्हणता ते माझं सासरी गेलं. मला पाळीच सोळा सरता सरता आली होती. दुष्काळाची वर्षं नुकती संपली होती, आमच्याकडे मिलोची (परदेशी लाल ज्वारीची) भाकरी खाऊन दिवस काढलेले. सासरी दूधदुभतं होतं. लग्नात शिवलेली चार पोलकी वर्षाच्या आत दंडाला घट्ट झाली, बाह्या कोपराच्या वर सरकल्या. सासूबाई सगळ्यांना कौतुकानं सांगायच्या, 'आमच्याकडचं अन्न मानवलं हो सूनबाईंना.' अन्न मानवलं होतं हे खरंच, पण माझी वाढच व्हायची बाकी होती. हे लक्षात यायला मला स्वतःची मुलगी सतराची व्हावी लागली. तिच्या ड्रेसची शिवण मी उसवत होते आणि मला ती पोलकी आठवली.

सासूबाई वाईट नव्हत्या, हेही लिहिते. दुपारी सगळी निजली की मला मागच्या अंगणात नणंदेबरोबर सागरगोटे खेळू द्यायच्या. कुणी आलं की खोकायच्या, मग मी पदर सारखा करून आत.

कैरीची डाळ

माजघर आजी, त्या खोकण्यासाठी सासूबाईंना नमस्कार.

पहिला तास

कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. आमचा पहिला तास सकाळी 7.10 ला. अकरावीचा वर्ग म्हणजे ओळीनं मांडलेली झोपलेली डोकी. मी स्वतः त्या वयात आजोबांच्या शिव्या खात दहा वाजता उठायचो, त्यामुळे माझा जीव थोडा अडकतो.

याचं कारण निव्वळ मोबाइल नव्हे. किशोरवयात मेलाटोनिन हे झोप आणणारं संप्रेरक रात्री उशिरा पाझरायला लागतं. शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. रात्री अकराच्या आधी डोळा लागत नाही आणि गरज मात्र आठ ते दहा तासांची. मोबाइल त्यात भर घालतो. आमच्या आजोबांच्या घरात वीज गेली की मिट्ट काळोख, तरी मी अकरा-साडेअकरापर्यंत आढ्याकडे बघत पडलेला असायचो. विशीच्या आसपास हे घड्याळ पुन्हा मागे यायला लागतं.

मुलं आळशी नसतात असं माझं म्हणणं नाही. काही असतातच.

मांडवीकाठ

गोव्यातून. आमच्याकडे कनिष्ठ महाविद्यालय नाही, हायर सेकंडरी. बाकी त्रास तोच. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते बिनगिअरच्या, 50 सीसीपर्यंतच्या गाडीचं. तसली गाडी कुठल्या दुकानात मिळते ते मला सांगा. बापाची स्कूटर मिळाली त्या दिवशी मी मोठा झालो आणि काढून घेतली त्या दिवशी पुन्हा लहान.

खारे शेंगदाणे

@अर्धी पोळी, तुमचं शरीराचं होतं आणि लोकांनी मनाचं ठरवलं. माझं उलट झालं.

नाशिकहून पुण्याला इंजिनीअरिंगला आलो, अठरा पूर्ण व्हायचे होते. पहिल्या सेमिस्टरला एका रात्री मेसच्या रांगेत छातीत धडधड सुरू झाली, हाताला मुंग्या, घसा आवळल्यासारखा. मेलोच असं वाटलं. रूम पार्टनरनं रिक्षात घालून नेलं. छातीवर गार जेल लावून ईसीजी काढला, नॉर्मल. आठवड्यानं पुन्हा तेच, पुन्हा नॉर्मल. मग टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. नॉर्मल. प्रत्येक 'नॉर्मल'नंतर घरचे खूश आणि मी आणखी घाबरलेला. आजीनं लिंबू-मिरची उतरवून टाकली, बाबांनी प्रोटीन पाठवलं.

इको करणाऱ्या डॉक्टरांनीच शेवटी सांगितलं, हृदय उत्तम आहे, मनोविकारतज्ज्ञांना भेट. बाबा जिन्यातच म्हणाले, 'हे घरी कुणाला सांगायचं नाही.' भेटलो. पॅनिक अटॅक. जिवाला धोका नसतो, पण ते त्या क्षणी शरीराला पटत नाही. समुपदेशन आणि काही महिने औषध, दोन्ही लागलं. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका साध्या माहितीचा: लाट काही मिनिटांत चढते आणि आपोआप उतरते. पुढच्या वेळी रांग सोडून पळालो नाही. ताट घेऊन उभा राहिलो, मागचा पोरगा 'सरक ना भावा' म्हणत होता.

बाबा अजूनही त्याला 'ते अॅसिडिटीचं' म्हणतात.

जास्वंद (धागाकर्ती)

'स्वतःचं लिहा' असं मीच म्हटलं होतं, पण हे असू द्या: टेली-मानस, 14416. मानसिक त्रासासाठीची सरकारी फोन सेवा, 2022 पासून, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. मोठ्यांनीही वापरायला हरकत नाही, जिन्यातल्या बाबांनी विशेषतः.

फांदीवरचा

सगळं ठीक. पण मेंदूचा पुढचा भाग, विवेकाचा, पंचविशीपर्यंत पक्व होत असतो असं सगळीकडे वाचतो. आपल्याकडे गद्धेपंचविशी म्हणतात ते खरंच निघालं. मग अठराव्या वर्षी मताचा हक्क कशाला दिला?

पहिला तास

@फांदीवरचा, यात दोन गोष्टींची गल्लत होते. शांत बसून विचार करायला वेळ दिला तर सोळा-सतराचं पोर जवळपास मोठ्यांइतकं नीट ठरवतं. घसरतं ते गरमागरमीत, आणि मित्र शेजारी असले की जास्तच. बाइकवर ट्रिपल सीट जाणं आणि मतदान यांत हा फरक आहे. मतदान केंद्रात मित्र आत येत नाहीत.

पाणंद

मित्र येत नाहीत, घरचे येतात. मतदान केंद्रापर्यंत तरी.

आमची तुकडी नशीबवान. मतदानाचं वय 21 होतं, ते 61 व्या घटनादुरुस्तीनं 18 केलं, मार्च 1989 पासून लागू. नोव्हेंबरात लोकसभा. मी अठराचा. माझा थोरला भाऊ एकविसाचा. दोघांचं पहिलं मत एकाच दिवशी, याचा त्याला केवढा राग! मी तीन वर्षं वाट बघितली आणि याला फुकटात, हे तो अजून बोलून दाखवतो.

आमच्याकडे मत घराचं असायचं. आदल्या रात्री जेवताना वडील चिन्ह सांगायचे, आई मान डोलवायची, विषय संपला. सकाळी आम्ही बैलगाडीतून शाळेत गेलो. बोटाला शाई लावली, हातात घडीची मतपत्रिका आणि शिक्का. पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेलो तर तिथे मी एकटाच. वडील दाराबाहेर, मास्तर यादीत मान घालून बसलेले. घरात मला त्याआधी एकटं असं काही ठरवायला मिळालंच नव्हतं, चपलासुद्धा वडील आणायचे, त्यांच्या मापाच्या अंदाजानं, एक नंबर मोठ्या. शिक्का हातात धरून मी इतका वेळ उभा राहिलो की मास्तरांनी हाक मारली, 'अरे, पेपर लिहितोस काय?'

बाहेर आल्यावर वडिलांनी विचारलं, 'दिलंस ना नीट?' दिलं म्हणालो. कुणाला, ते त्यांनीही पुढे कधी विचारलं नाही. भाऊ मात्र विचारत असतो.